कोट गेला, पिस्तूल उरलं

म्हापशाच्या बाजारामागे एका जिन्याखाली टेलरचं दुकान होतं. दहाएक वर्षांपूर्वी मी तिथं पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो, तेव्हा माझ्या आधीचं गिऱ्हाईक एक चमत्कारिक मागणी करत होतं. पँटच्या कमरेला आतून जाड कापडाची पट्टी हवी, उजव्या बाजूला पट्ट्याचे दोन लूप जास्तीचे हवेत आणि लूप असे की ओढले तरी उसवू नयेत. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही. टेप कमरेभोवती फिरवताना एका जागी अडली, तेवढ्यात सगळं कळलं असावं. माणूस गेल्यावर वहीत आकडा लिहिता लिहिता मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "कंबर चौतीस. शिवायची छत्तीस."

त्या दोन इंचांमागचा इतिहास सांगायचा तर सुरुवात शिंप्यापासूनच करावी लागेल. कामावरच्या कपड्यांत परवान्याचं पिस्तूल न दिसेल असं कसं बाळगायचं, हा प्रश्न हत्याराचा जितका आहे, त्याहून जास्त कपड्यांचा आहे. लहान पिस्तूल जन्माला आलं ते कोट घालणाऱ्या मुलखात, कोटाच्या मापानं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर खिशात मावणारी एकबारी पिस्तुलं करू लागला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अध्यक्ष लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच पिस्तुलातून सुटली होती. त्यानंतर 'डेरिंजर' हे नाव कुठल्याही चिमुकल्या पिस्तुलाला चिकटलं ते कायमचं. मग आला जॉन ब्राउनिंग. त्याच्या आराखड्यावर बेल्जियमच्या एफएन कारखान्यानं काढलेलं १९०० सालचं पिस्तूल ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला पॉइंट बत्तीस म्हणतो त्या मापाचं. काही वर्षांत त्याचंच ६.३५ मिलिमीटरचं धाकटं भावंड आलं आणि त्या वर्गाला नाव पडलं 'वेस्ट पॉकेट'. वेस्ट म्हणजे कोटाच्या आतलं जाकीट, ज्याच्या खिशात साखळीचं घड्याळ राहायचं. घड्याळाशेजारी राहील एवढं पिस्तूल, असा तो हिशेब. कोल्टचं १९०३ चं पिस्तूल 'हॅमरलेस', म्हणजे बिनघोड्याचं, म्हणून विकलं गेलं. खरं तर त्याला घोडा होता, पण तो आत झाकलेला होता. बाहेर आलेला घोडा खिशाच्या अस्तरात अडकतो, एवढंच त्यामागचं कारण. एका अस्तरासाठी यंत्राची रचना बदलली होती.

अमेरिकेत सुरुवातीला लपवून हत्यार बाळगणं हेच गैर मानलं जायचं. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच त्याविरुद्ध कायदे केले. उघड बाळगणाऱ्याला एक वेळ माणूस म्हणत, लपवणाऱ्याला भेकड किंवा मारेकरी. पुढे शहरं वाढली, कचेऱ्या वाढल्या आणि समज उलटी झाली. उघड्यावर दिसणारं हत्यार लोकांना घाबरवू लागलं, झाकलेलं सभ्य ठरू लागलं. १९८७ मध्ये फ्लोरिडानं अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायलाच हवा असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेनं गेलं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अटही रद्द केली. त्यामुळे बँकेतला, दुकानातला, विमा कंपनीतला साधा नोकरदार कपाटासमोर उभा राहून विचार करू लागला की या शर्टाखाली हे दिसेल का? कपड्यावर हत्याराचा आकार उमटणं, याला त्यांच्याकडे 'प्रिंटिंग' म्हणतात. छापखान्याचा शब्द, पण चपखल आहे.

तोवर त्यांच्याकडेही कोट मागे पडत चालला होता. म्हणून कमरपट्ट्याच्या आत, पँट आणि अंग यांच्यामध्ये बसणारी होल्स्टरं, म्हणजे पिस्तुलाची म्यानं, आली. त्यातलं सर्वांत गाजलेलं 'समर स्पेशल'. कॅलिफोर्नियात अमली पदार्थविरोधी पथकात काम करणाऱ्या ब्रूस नेल्सन यांनी ते आखलं आणि मिल्ट स्पार्क्स यांनी ते बनवून विकलं. नावातच उन्हाळा आहे, कारण ते कोट न घालायच्या दिवसांसाठी होतं. त्याच्या तोंडाला कडक पट्टी असते, त्यामुळे पिस्तूल बाहेर काढल्यावरही कातडं मिटत नाही. चाप पूर्ण झाकलेला राहिला पाहिजे आणि होल्स्टर जागचं हलता कामा नये, या दोन गोष्टींवर तिथल्या जुन्या जाणत्यांचं एकमत असतं. बाकी सगळं मतभेदाचं. नुसतं खिशात किंवा नेफ्यात खोचलेलं पिस्तूल हे सिनेमातलं आहे. मांडीत गोळी घुसण्याचे अपघात त्यातूनच होतात.

आता आपल्याकडे वळू.

हत्यार आणि गोवा यांचं नातं जुनं आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला तेव्हा इथले बंदूक करणारे कारागीर त्याच्या हाती लागले. १५१३ मध्ये त्यानं इथल्या बंदुकांचा नमुना राजा मानुएलकडे पाठवला आणि त्या बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत असं कळवलं. म्हणजे गोव्याला बंदूक पोर्तुगिजांनी दाखवली, ही आपली समजूत अर्धवटच आहे. शब्द मात्र त्यांनी दिले. काडतूस हा मराठी शब्द पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून आला. कोकणीत खिशाला 'बोल्स' म्हणतात, तोही 'बोल्सु'चाच. गोळी आणि ती ठेवायचा खिसा, दोन्ही एकाच गलबतातून उतरले.

तरी गोव्यातली बंदूक ही लपवायची वस्तू नव्हती. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याची बंडं झाली ती खांद्यावरच्या बंदुकांनी. १८५२ मध्ये दीपाजी राणे नाणूसच्या किल्ल्यावरून उठले, १८९५ मध्ये पुन्हा मोठा उठाव झाला. आजही सत्तरी, सांगे, काणकोणात शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक असते ती रानडुकरं आणि माकडं कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, शिरतात म्हणून. ती भिंतीवर टांगलेली असते, नळी लांब असते आणि तिच्याबद्दल कुणी कुजबुजत नाही. झाकायचं हत्यार आलं ते शहरात आणि पगारदारांच्या जगात.

पोर्तुगीज काळातल्या पणजीचे फोटो पाहा. सचिवालयातला साधा इश्क्रिव्हांव, म्हणजे कारकूनसुद्धा, पांढऱ्या ड्रिलच्या कोटात, टाय लावून. मे महिन्यात त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल कोण जाणे. खुद्द पोर्तुगालनं पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन पिस्तुलं मिळेनाशी झाली म्हणून अमेरिकेतून ७.६५ मिलिमीटरची सॅव्हेज पिस्तुलं घेतली. मूळची खिशातली बांधणी, पण सैन्याच्या कमरेला लागली.

मराठी माणसाच्या आठवणीत लपवलेलं पिस्तूल म्हणजे आधी नाशिक. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंगच. लंडनहून खोट्या तळाच्या पेटीतून जी वीस पिस्तुलं आली, त्यांतलं एक. नाटकाला आलेल्या प्रेक्षकांत एक प्रेक्षक, तोच त्याचा आडोसा. गोव्यात मोहन रानडे हे नाव घ्यावं लागेल. सावई-वेरे इथं मराठी शिकवणारे मास्तर, आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे लढवय्ये. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले आणि थेट १९६९ मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. मास्तरांच्या सदऱ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. अर्थात ती गोष्ट गुलामीतल्या मुलखाची. आजच्या परवानाधारकाशी तिची बरोबरी करायला मी तयार नाही, पण कामाचे कपडे हे सर्वांत जुनं झाकण आहे एवढं तिच्यातून दिसतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबर १९६२ पासून १९५९ चा शस्त्र कायदा देशात अमलात आला. त्याआधी ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा लिटनच्या काळातला कायदा होता. त्यात गोऱ्यांना मोकळीक होती आणि नेटिवांना परवान्याची सक्ती. नव्या कायद्यानं वर्णभेद काढला, परवाना ठेवला. गोव्यात या बदलाबरोबर आणखी एक बदल घडला, ज्याची नोंद कुठल्या राजपत्रात नाही. हळूहळू कोट गेले. बुशशर्ट आला. सत्तरच्या दशकात सफारी आला, आणि खाण कंत्राटदार, सोनार, बारवाले यांच्यात तो का टिकला हे आता लक्षात येतं. सफारीचा वरचा सदरा कमरेखाली येतो, कापड जाड असतं आणि घोळ सैल असतो. मग खासगी बँका आणि हॉटेलं आली, त्यांच्याबरोबर आत खोचलेला फॉर्मल शर्ट आला आणि झाकायला काही उरलंच नाही.

हत्यार कुठलं, हेही इथं माणूस निवडत नाही. ९ मिलिमीटरसारखी सैन्य-पोलिसांची बोअरं, म्हणजे नळीची मापं, नागरिकाला मना. राहतं ते एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, आणि त्यात प्रामुख्यानं पॉइंट बत्तीस. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर आलं. त्याचं गोळ्यांचं चक्र पोटासारखं फुगलेलं असतं, आणि कपड्यावर उमटतं ते तेच. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' काढलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं, बायकांच्या पर्समध्ये मावेल असं सांगून. ते दागिन्यांसारख्या मरून डबीत मिळायचं आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या कामकरी मुलीच्या नावानं ते काढलं, तिच्या पगारात ते कसं बसायचं हे कुणी सांगितलं नाही.

आणि आता मुख्य गंमत. अमेरिकेत झाकून बाळगणं ही वेगळी परवानगी मागायची सवलत होती. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी झाकणं हीच अट केली आहे. सार्वजनिक जागी लहान हत्यार न्यायचं तर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या वस्तूत न्यायचं, ते पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर बाळगणाऱ्याचा ताबा हवा. दाखवलं, मिरवलं, की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात बेपर्वाईनं गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. बिनपरवाना हत्यार सापडलं तर किमान दोन वर्षं आत.

शिवाय परवान्यावरच्या जुन्या अटी आहेतच, ज्या कुणी वाचत नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळा, शाळा-कॉलेजचं आवार, इथं खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही. आता गोव्यात वर्षाचे किती दिवस जत्रा, शिगमो, कार्निव्हल, फेस्त काहीच नसतं ते मोजून पाहा. परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे हेही त्यावर लिहिलेलं असतं. सावंतवाडीचा माणूस फक्त महाराष्ट्रापुरत्या परवान्यावर कमरेला रिव्हॉल्व्हर लावून पत्रादेवीचा नाका ओलांडून आला, तर त्याचं झाकण कितीही उत्तम असो, तो बेकायदाच.

फोंड्याला आमच्या ओळखीचे एक सोन्याचे व्यापारी आहेत, सगळे त्यांना शेट म्हणतात. वडिलांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर वारसानं त्यांच्या परवान्यावर चढलं. मी एकदा विचारलं, "शेट, त्रास होत नाही कमरेला?" त्यांनी कपाटातून होल्स्टर काढून दाखवलं. पावसाळ्यात कातड्यावर बुरशीचा हिरवट थर धरलेला, शिलाईत पांढरं मीठ. त्यांच्या मते गोव्यात चोरापेक्षा घाम वाईट. नळीच्या ज्या बाजूला अंग लागतं, तिथं तेल पुसलं गेलं की आठवड्यात तांबूस ठिपके येतात. म्हणून जूनपासून ते हत्यार दुकानाच्या तिजोरीत राहतं आणि शेट हात हलवत घरी जातात.

निवडणूक आली की तेही नाही. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात हत्यारं जमा करायची रीत जुनी आहे. सरसकट सगळ्यांकडून ती मागता येतात का, हा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगानं २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत घालून दिली. कुणाचं हत्यार जमा करायचं ते माणूस पाहून ठरवायचं. फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभेला शेट स्वतःच जाऊन देऊन आले, मे २०२४ च्या लोकसभेलाही. पावती घेतात, घडी घालून पाकिटात ठेवतात.

त्या दिवसांत ते दुकानात वेगळ्या पँटमध्ये दिसतात. नेहमीच्या पँटी त्यांना कमरेत दोन इंच ढिल्या होतात.