सोसायटीचा पूल की क्लबचा पूल? फ्लॅट भाड्याने घेण्याआधी

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जाहिरातींत "टू बीएचके, स्विमिंग पूल, जिम" एवढंच लिहिलेलं असतं. पूल सोसायटीचा आहे की क्लबचा, हे त्यात नसतं. भाडेकरूच्या दृष्टीने खरा फरक तिथेच पडतो.

सोसायटीचा पूल ही इमारतीची सामायिक सुविधा. पाणी, क्लोरीन, पंपाची वीज, लाइफगार्डचा पगार हे सगळं मेंटेनन्समधून जातं. मालक सभासद असतो आणि त्याच्या फ्लॅटमध्ये रीतसर राहणारा म्हणून तुम्ही पोहायला जाता. क्लबचा पूल मात्र त्याच कुंपणाच्या आत असला तरी तो बहुधा बिल्डरची किंवा दुसरी एखादी कंपनी चालवते. तिथलं सदस्यत्व फ्लॅटला चिकटलेलं नसतं, माणसाच्या नावावर असतं. मालकाने फ्लॅट घेताना भरलेली क्लबची फी तुम्हाला आपोआप लागू होत नाही. कुठे मालकाचं कार्ड भाडेकरूच्या नावावर करून देतात, कुठे भाडेकरूला स्वतंत्र वार्षिक शुल्क आणि डिपॉझिट भरावं लागतं, कुठे भाडेकरूला घेतच नाहीत. क्लबचं बिल आलं की त्यावर सहसा १८ टक्के जीएसटीही असतो.

ओळखायचं कसं? ब्रोकरला विचारून उपयोग नाही, तो दोन्हीला "फ्री आहे" म्हणतो. मालकाकडे मेंटेनन्सचं शेवटचं बिल मागा. पूल किंवा क्लबहाऊसचा खर्च सोसायटीच्याच बिलात असेल तर पूल सोसायटीचा. क्लबचं वेगळ्या नावाने वेगळं बिल येत असेल तर तो क्लबचा. नवीन इमारतीत तिसरी शक्यता असते: सोसायटी अजून स्थापन झालेली नाही आणि बिल्डरच सगळं चालवतोय. अशा वेळी पूल सोसायटीकडे कधी सोपवणार आणि तोपर्यंत खर्च कोण देणार, हे मालकाकडून लेखी घ्या. बिल्डरने आगाऊ घेतलेला मेंटेनन्स संपला की खर्चात पहिली काटछाट बहुतेक वेळा पुलाच्या देखभालीत होते.

एक गल्लत फार होते. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. महाराष्ट्र सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या, म्हणजे मेंटेनन्समधल्या सेवांच्या आकाराच्या, १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महापालिकेचे कर त्या हिशेबात धरत नाहीत. सेवाशुल्क महिना ४,००० रुपये असेल तर कमाल ४००. हा पैसा मालकाने भरायचा असतो आणि त्याचा पोहण्याशी काही संबंध नाही. "पुलाचे पैसे" म्हणून हीच रक्कम तुमच्याकडून मागितली तर बिलावरचं शीर्षक पाहा.

आता करारनामा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के लागतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते व्याज भाड्यात मिळवतात. ६०,००० भाडं, ११ महिने आणि ३ लाख डिपॉझिट असेल तर ६,६०,००० अधिक २७,५००, म्हणजे ६,८७,५०० वर साधारण १,७१९ रुपये. क्लबची फी मालक भरणार असेल तर तसं करारात लिहा. कलम सरळ भाषेत असावं: पूल कोणाचा, किती जणांना वापरता येईल, वार्षिक शुल्क कोण भरणार, क्लबचं डिपॉझिट कोणाच्या नावाने. पूल सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहिला तर भाड्यात किती सूट, हेही त्याच कलमात घाला. मालक नाही म्हणाला तरी विचारायला हरकत नाही. तो पूल खरोखर चालतो की नाही, हे त्या उत्तरातून बरंच कळतं.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा पुलापाशीही थांबा. खोल टोकाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर बुडणारा माणूसही दिसणार नाही. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) ७.२ ते ७.८ आणि मोकळं, म्हणजे अजून जंतू मारू शकणारं, क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावं. रोजच्या नोंदींची वही मागा. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त, असं समजू नका. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतं, तो वास त्याचा असतो; म्हणजे बहुधा क्लोरीन कमी पडतंय.

दोन्ही पूल बंद पडतात, पण कारणं वेगळी. सोसायटीचा पूल पाणीकपातीत, लाइफगार्डचं कंत्राट संपल्यावर किंवा फिल्टरचा पंप बिघडून दुरुस्तीचा ठराव लांबल्यावर बंद पडतो. क्लबचा पूल सहसा चालू असतो, पण मालकाची थकबाकी असली तर तुमचं कार्ड ब्लॉक होतं. म्हणून क्लब असेल तर टोकन देण्याआधी मालकाकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. घर सोडताना कार्ड परत केल्याची पावती मागा, नाहीतर क्लबचं डिपॉझिट अडकून राहतं.