जहाजाची लाकडी प्रतिकृती (ठाणे-नवी मुंबई परिसर)

खऱ्या जहाजाची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून लाकूड, दोरा आणि कापड यांतून ते जहाज पुन्हा बांधण्याची कला. बाजारात मिळणारे शोभेचे जहाज नुसते बाहेरून जहाजासारखे दिसते. प्रतिकृतीत मात्र आधी तळाचा कणा म्हणजे पठाण, मग बरगड्या, त्यांवर फळ्या, मग तक्तपोशी म्हणजे वरचा फळ्यांचा मजला, डोलकाठ्या, परबाणे म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठ्या आणि शेवटी दोर, असा खऱ्या गोदीतलाच क्रम पाळावा लागतो. म्हणून या छंदाला बोटांच्या कसबाइतकाच इतिहासाचा अभ्यास लागतो. आणि काम वर्ष-वर्ष चालत असल्यामुळे सोबतही लागते. ही शेवटची गरज बहुतेक पुस्तकांत येत नाही, पण तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे.

प्रतिकृतींची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमधील थडग्यांत लाकडी नौका सापडल्या, लोथल येथे भाजक्या मातीची नाव मिळाली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या 1:48 प्रमाणातल्या प्रतिकृती होऊ लागल्या. एक फुटाला पाव इंच असा त्यांचा हिशेब असे आणि आजही तो अनेक छांदिष्ट वापरतात. 1:64 आणि 1:96 ही प्रमाणेही रूढ आहेत. साडेपाच फुटी खलाशी 1:64 मध्ये जेमतेम 2.6 सेंटिमीटरचा होतो. एवढे एक माप लक्षात ठेवले की कठड्याची उंची किंवा दाराची चौकट चुकली तर लगेच डोळ्यांना खटकते.

ठाण्याच्या खाडीकाठी हा छंद परका वाटण्याचे काही कारण नाही. शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक म्हणजे ठाणे हे राजधानीचे शहर आणि बंदरही होते. बोरिवलीजवळच्या एक्सर गावातील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. कोकणातल्या मध्ययुगीन जहाजाचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच दिसतो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाड्यांवर जहाजबांधणी सुरू केली आणि तिच्यासाठी पोर्तुगीज कारागीरही कामावर घेतले. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिची तोफांच्या मजल्यावरची लांबी सुमारे 45.8 मीटर आहे. 1:96 प्रमाणात तेवढा भाग 48 सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे वाशी किंवा वागळे इस्टेटमधल्या दोन खोल्यांच्या घरातही तिला जागा होऊ शकते.

तरीही पहिले जहाज म्हणून ट्रिंकोमाली निवडू नये, आणि तीन डोलकाठ्यांचे, शंभर तोफांचे जहाज तर मुळीच नको. अर्धवट पडून राहिलेल्या प्रतिकृतींचे मोठे कारण हीच पहिली निवड असते. आपल्याकडे सुरुवातीसाठी उत्तम नमुना समोरच आहे, तो म्हणजे मचवा, कोळ्यांची शिडाची होडी. एक मोठे तिरके शीड, पुढे कललेली डोलकाठी, मोजके दोर. दिवाळे, सारसोळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात एखाद्या जुन्या नाखव्याशी बोलता आले, तर शीड कसे फिरवत, परबाण कुठे बांधत, हे चित्रापेक्षा नीट कळते. आता बोटींना इंजिने आली आणि लाकडाऐवजी फायबरही आले, त्यामुळे शिडाच्या होडीची ही माहिती हात-पाय चालते आहेत त्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्यायला हवी. प्रतिकृती करणाऱ्याच्या वहीत अशी मापे उतरली तर ते मोलाचे काम आहे.

मराठा आरमारातली गुराब आणि गलबत ही त्यापुढची पायरी. गुराब रुंदीला भरपूर, पाण्यात कमी बुडणारी. तिची नाळ म्हणजे पुढचे टोक लांब पुढे आलेले आणि डोलकाठ्या दोन, क्वचित तीन. गलबत त्याहून लहान, मोठ्या त्रिकोणी शिडाचे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांतून एवढे हाती लागते. बरगड्यांचा नेमका आकार देणारे तपशीलवार नकाशे मात्र सहज मिळत नाहीत. अशा वेळी कुठला भाग पुराव्यावर आधारलेला आणि कुठला तर्काने केलेला, हे प्रतिकृतीसोबत लिहून ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

फळ्या बसवणे हा या कलेचा गाभा. नवशिक्याचा पहिला समज असा असतो की सारख्या रुंदीच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवत गेले की झाले. तसे होत नाही, कारण जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि नाळेपाशी लहान असतो. समजा, मधल्या बरगडीवर एका बाजूचा घेर 90 मिलिमीटर भरला आणि फळी 5 मिलिमीटरची असली, तर एका बाजूला 18 फळ्या लागतात. नाळेपाशी घेर 54 मिलिमीटर असेल तर त्याच 18 फळ्या तिथे 3 मिलिमीटरपर्यंत निमुळत्या कराव्या लागतात. मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक होऊ लागली तर मात्र एक फळी मध्येच संपवून तिची जागा शेजारच्या फळीला द्यावी. हा हिशेब कागदाच्या पट्टीवर, प्रत्येक बरगडीसाठी, आधीच करायचा असतो. फळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी आळीपाळीने लावावी. एकच बाजू भरत गेले तर सुकणाऱ्या डिंकाच्या ताणाने पठाणच वाकतो. फळी वाकवायला ती पाण्यात भिजवून गरम इस्त्रीचा किंवा वाफेचा उपयोग होतो. धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे पुरतात, आणि पांढऱ्या डिंकासाठी फेव्हिकॉल चालते.

लाकडाची निवड दाण्यावर ठरते. खऱ्या जहाजाला साग उत्तम, पण त्याचे ठळक रेघांचे पोत छोट्या मापात भडक दिसते. बारीक दाण्याचा, पिवळसर हळदू फार चांगला. खिळ्यांच्या जागी बांबूच्या बारीक काड्या बसतात. तक्तपोशीच्या फटींतला काळा लेप दाखवण्यासाठी फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवली की पुरते.

ठाणे-नवी मुंबईचा पावसाळा हा वेगळाच विषय आहे. दमट हवेत लाकूड लांबीला फारसे वाढत नाही, रुंदीला वाढते. म्हणून जून ते सप्टेंबरात घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये डिसेंबरात फटी दिसू लागतात. सुती दोरा ओल धरून आखडतो आणि बारीक परबाणे वाकवतो. त्यामुळे दोर कमी ताणाने बांधावेत किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. खाडीलगतच्या घरात काचपेटी हवीच, पण तिला हवेसाठी छिद्रे हवीत. बंद पेटीत काही लाकडांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या तोफा पांढऱ्या पडून भुरभुरतात. पितळी तोफा टिकतात.

हे सारे पुस्तकातून शिकता येते. पुस्तकातून मिळत नाही ती सोबत. रोज लोकलने मुंबई गाठून रात्री नऊला परतणारा माणूस आठवड्यात दोन-तीन फळ्या लावतो. घरच्यांना महिनोन्महिने तेच खोके दिसते आणि सातव्या-आठव्या फळीला उत्साह ओसरतो. प्रतिकृती बहुधा इथेच थांबते, कौशल्याच्या अभावाने नव्हे. म्हणून जाणत्यांनी नवख्याचे काम अर्धवट असतानाच पाहायला जावे. पूर्ण झालेल्या जहाजाचे कौतुक सगळेच करतात. उघड्या बरगड्यांपाशी बसून बोलणारा माणूस मात्र दुर्मीळ असतो आणि गरज त्याचीच असते.

कौतुकही नेमके असावे. “छान झालंय” म्हटल्याने ऐकणाऱ्याला बरे वाटते, हाती काही लागत नाही. “तिसऱ्या बरगडीपर्यंत फळीचा वळसा एकसारखा उतरलाय, पुढची तशीच ने” हे ऐकले की रात्री पुढची फळी हातात घ्यावीशी वाटते. दोष दाखवायचाच तर आधी तो सुधारता येण्याजोगा आहे का ते पाहावे. डिंक वाळलेल्या तळाच्या फळीतली चूक रंगाखाली झाकली जाणार असेल तर ती काढायला लावू नये. डोलकाठी तिरकी असेल तर मात्र तेव्हाच सांगावे, कारण पुढचे सगळे दोर तिच्यावर अवलंबून असतात. उरलेल्या हळदूच्या पट्ट्या, एखादी जास्तीची कानस, स्वतः बनवलेला फळी वाकवायचा साचा देणे ही मदत शब्दांपेक्षा जास्त पुरते. एक पथ्य सर्वांनी पाळावे: समोरच्याचे जहाज हातात घेऊन स्वतःच दुरुस्त करू नये. गाठ कशी मारायची ती सुट्या दोऱ्यावर, फळी कशी निमुळती करायची ती टाकाऊ पट्टीवर दाखवावी, आणि जहाजावरचे काम त्याचे त्याला करू द्यावे.