बॅकअप चालू झाला की व्हिडिओ कॉल का अडकतो?

घरगुती सर्व्हर घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे

सर्व्हर बसवून पंधरा दिवस झाले की बऱ्याच घरांतून एकच फोन येतो: "रात्री फोटोंचा बॅकअप चालू झाला की मुलीशी बोलताना आवाज तुटतो. नेट स्लो आहे का?" नेट बहुतेक वेळा ठीकच असतं. घोळ रांगेचा असतो.

घरातल्या वायरवर सर्व्हरला १ गिगाबिटचा (म्हणजे १००० एमबीपीएस) वेग मिळतो. बाहेर जायची वाट मात्र प्लॅनमधल्या अपलोडएवढीच, समजा २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट). सर्व्हर भसाभस पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) ओततो आणि न मावणारी पॅकेट इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यात (मोडेम किंवा राउटरमध्ये) साठत जातात. त्यात २ एमबी (म्हणजे १६ मेगाबिट) माल तुंबला, तर तो निघायलाच ०.८ सेकंद लागतो. कॉलचं इवलंसं पॅकेट त्याच्या मागे ताटकळत उभं. "हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होतं ते इथे. डाउनलोडही मंदावतं, कारण आलेल्या मालाची पोच बाहेर पाठवावी लागते आणि ती पोचही त्याच रांगेत अडकते.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर पिंग (बाहेरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवून घरच्याच वाय-फायवरच्या मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. दहा-पंधरा मिलिसेकंदांचा आकडा शेकड्यांत गेला, तर दुखणं हेच. जाणकार याला 'बफरब्लोट' म्हणतात. निव्वळ डाउनलोड वाढवणारा महागडा प्लॅन घेऊन ते जात नाही. आधी आम्हाला विचारा, मग पैसे भरा.

उपाय ऐकायला उलटा वाटेल: वेग थोडा कमी करायचा. २० च्या प्लॅनला आम्ही १८ ची मर्यादा लावतो. मग त्या डब्यात रांग लागतच नाही. ती आपल्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये लागते, आणि तिथे आधी कोणी जायचं ते आपण ठरवू शकतो. यासाठी आम्ही 'केक' नावाचा रांग लावणारा प्रोग्राम वापरतो. २०१८ मध्ये आलेल्या ४.१९ आवृत्तीपासून तो लिनक्समध्येच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. केक सगळ्यांना वाटणी करून देतो, त्यामुळे एकट्या बॅकअपला सगळी वाट अडवता येत नाही. आमच्या मते अर्धं काम तिथेच होतं. त्यावर चार कप्पे: बोलणं, व्हिडिओ, रोजचं काम आणि सगळ्यात शेवटी बॅकअप.

विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती आधी, बाकीची मंडळं मागून, तसंच हे. फक्त इथे मागच्यांना दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडत नाही. कितीही गर्दी असली तरी बॅकअपला थोडी वाट मिळतेच, आणि कॉल संपला की सगळी वाट त्याची. "आमचं सगळंच पहिल्या कप्प्यात टाका" असा आग्रह मात्र धरू नका. सगळेच मानाचे झाले तर मान कुणालाच राहत नाही.

एक चूक आम्ही स्वतः केली आहे, ती सांगून टाकतो. एका घरी सर्व्हरच्या लॅन पोर्टला (नेटची वायर जोडतात त्या खाचेला) सरसकट १८ ची मर्यादा लावली. बाहेरचं सगळं सुरळीत झालं, पण सर्व्हरवरून घरातल्याच लॅपटॉपवर लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला तास लागू लागला. घरातली वाहतूकही त्याच पोर्टमधून जाते, हे लक्षातच आलं नव्हतं. आता घरातल्या उपकरणांचे नेटवर्क पत्ते वगळून फक्त बाहेर जाणाऱ्या मालाला मर्यादा घालतो.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. बाहेरून येणाऱ्या मालावर आपला थेट ताबा नसतो. तो आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची रांग पलीकडेच लागून गेलेली असते. आणि सर्व्हर राउटरच्या मागे नुसता एका कोपऱ्यात असेल, तर त्याला फक्त स्वतःचाच माल आवरता येतो. मुलांचे मोबाइल बाहेर काय पाठवतात, ते त्याच्या हाती नसतं. सगळ्या घराला शिस्त लावायची असेल, तर सर्व्हरला दोन लॅन पोर्ट हवेत आणि सगळं नेट त्याच्यातूनच जायला हवं. ती जोडणी वेगळी असते. हवी असेल तर आमच्या माणसाला भेटीच्या वेळी सांगा.

प्लॅन बदललात तर आम्हाला नक्की कळवा. अपलोड १०० झालं आणि आमचा आकडा १८ च राहिला, तर वरच्या ८२ चे पैसे तुम्ही दर महिन्याला उगाच भराल. बिलावर अपलोडचा आकडा शोधा (डाउनलोडचा नव्हे, तोच मोठ्या अक्षरात छापलेला असतो) आणि त्याचा फोटो पाठवा. आकडा बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.