बारा तासांचा नियम आणि यकृताचा वेग

सकाळच्या विमानाचा वैमानिक श्वासचाचणीत सापडला आणि त्याला घरी पाठवलं, अशी बातमी अधूनमधून येतच असते. त्यावर लोकांचं म्हणणंही ठरलेलं असतं: रात्री घेतली असेल, झोप झाली म्हणजे उतरली असणार, बिचाऱ्याची उगाच नोकरी जाते. खानदेशात हा विषय आता परक्याचा राहिलेला नाही. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून, शिरपूरहून आणि जळगावच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिक रोज उडतात. कापसाच्या आणि केळीच्या शेतांवरून घिरट्या घालणाऱ्या त्या छोट्या विमानांतल्या मुलामुलींनाही मोठ्या विमानाच्या कॅप्टनचाच नियम लागू आहे. म्हणून ‘झोपलं की उतरते’ ही समजूत नीट तपासून पाहायला हवी.

आधी कायदा. विमान नियम, 1937 मधला नियम 24 सांगतो की उड्डाणाच्या आधीच्या 12 तासांत वैमानिकाने मद्य घेतलेलं नसावं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची दुसरी अट आणखी कडक आहे. चाचणीत मद्याचा अंश शून्य यायला हवा, मग शेवटचा घोट कितीही तासांपूर्वीचा असो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायदा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत मुभा देतो, वैमानिकाला तेवढीही नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. अमेरिकेत मर्यादा 8 तास आणि रक्तात 0.04 टक्के अशी आहे. 1934 चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला, तरी दारूबाबतचा सक्तपणा कमी झालेला नाही.

आता 12 तास पुरतात का? याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही, ते यकृतात शोधावं लागतं.

दारूतलं इथेनॉल आतड्यातून रक्तात जातं आणि शरीरातल्या पाण्यात सगळीकडे पसरतं. थोडासा भाग श्वास, लघवी आणि घामावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इथेनॉलची विल्हेवाट मुख्यतः यकृताला लावावी लागते. तिथे अल्कोहोल डीहायड्रोजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. तो इथेनॉलच्या रेणूला धरून ठेवतो, विकर त्या रेणूतून हायड्रोजन काढून घेतं आणि उरतं ते अॅसिटाल्डिहाइड, जे इथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त विषारी. दुसरं विकर त्याचं लगेच अॅसिटेट करतं आणि अॅसिटेट शरीराला इंधन म्हणून चालतं.

या साखळीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे काढलेल्या हायड्रोजनचं पुढे काय होतं. तो उचलायला एनएडी नावाचा वाहक रेणू असतो. हायड्रोजन घेतला की त्याचं एनएडीएच होतं. ते एनएडीएच विकरापासून सुटून बाजूला झाल्याशिवाय विकराला पुढचा इथेनॉल रेणू हाताळता येत नाही आणि हे सुटणंच या कामातला सर्वांत संथ टप्पा आहे. सुटलेल्या एनएडीएचला पेशीतल्या मायटोकाँड्रियाकडे हायड्रोजन देऊन पुन्हा एनएडी व्हावं लागतं. म्हणजे यकृताचा वेग दारू किती आली यावर ठरत नाही. विकराचे रेणू किती आहेत आणि वाहक किती लवकर रिकामे होतात, यावर तो ठरतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात गाड्यांची कितीही लांब रांग लागू दे, सरकी काढणारी यंत्रं तेवढीच असतात आणि ताशी तेवढ्याच कापसातली सरकी निघते. तसंच हे आहे.

विकरांच्या या मर्यादित वेगाचं गणित मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 मध्ये मांडलं. विकरासमोर पदार्थ थोडा असेल तर वेग पदार्थाच्या प्रमाणात वाढतो. पदार्थ फार झाला की सगळी विकरं गुंततात आणि वेग एका पातळीवर थांबतो. इथेनॉलच्या बाबतीत ही वेळ फार लवकर येते, एक-दोन पेगांतच. पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या मात्रेचं तसं नाही. दर दोन-तीन तासांनी रक्तातली मात्रा निम्मी होते, त्यामुळे गोळी दुप्पट घेतली तरी ती उतरायला फक्त एक अर्धायुष्य, म्हणजे दोन-तीन तास, जास्त लागतात. दारू दुप्पट घेतली तर उतरायला लागणारा वेळही जवळजवळ दुप्पट होतो. पिणारे चुकतात ते इथेच.

हा वेग साधारणपणे ताशी 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम असतो, माणसागणिक 10 ते 20. दारूची रक्तातली पातळी काढण्याचं सूत्र स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी दिलं. त्याने एक हिशेब करून पाहू. 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, 42.8 टक्क्यांच्या दारूत, सुमारे 61 ग्रॅम इथेनॉल असतं. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते साधारण 128 मिलिग्रॅमपर्यंत चढतं. ताशी 15 ने ते शून्यावर यायला साडेआठ तास लागतात. ज्याचं यकृत ताशी 10 ने काम करतं, त्याला जवळजवळ तेरा तास. 375 मिलिलिटरची हाफ घेतली तर 15 च्या वेगानेसुद्धा सतरा तासांच्या वर जातात. त्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून पातळी आणखी वर चढते. रात्री अकराला हाफ संपवून सकाळी सहाला धावपट्टीवर उभा राहिलेला माणूस कितीही गाढ झोपलेला असो, त्याच्या रक्तात दारू आहे. नियमात तासांच्या जोडीला शून्याची अट कशासाठी आहे, ते इथे कळतं.

लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी यांतलं काहीही या विकरांची संख्या वाढवत नाही. कॉफीने जाग येते, दारू तेवढीच राहते. सातपुड्याच्या पायथ्याला गाळलेली मोहाची ‘नैसर्गिक’ म्हणून लवकर उतरते, हाही भ्रम आहे. मोहाच्या फुलातल्या साखरेपासून यीस्टने केलेलं इथेनॉल आणि कारखान्यातलं इथेनॉल हा एकच रेणू आहे.

एनएडीएच साठत गेलं की यकृताची बाकीची कामंही बिघडतात. चरबी जाळायला मोकळं एनएडी लागतं. ते मिळालं नाही की चरबी जळायची थांबते आणि यकृताच्याच पेशींत साचू लागते. दारूमुळे येणाऱ्या फॅटी लिव्हरची सुरुवात इथून होते. उपाशीपोटी पिणाऱ्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरते, तेही यामुळेच, कारण यकृताला नवीन ग्लुकोज बनवणं जड जातं. रोज पिणाऱ्यांत आणखी एक विकर वाढतं, सीवायपी2ई1. त्याने दारू थोडी लवकर उतरते खरी, पण तेच विकर पॅरासिटामॉलपासून यकृताला मारक पदार्थ बनवतं. रोज पिणाऱ्याने डोकं दुखतंय म्हणून गोळ्यांवर गोळ्या घेणं म्हणूनच फार धोक्याचं.

यकृताचा विषय निघाला की आपल्याकडे काविळीवर बोलावंच लागतं. ‘कावीळ उतरवणारा’ रुग्णाच्या हातावरून चुन्याचं पाणी फिरवतो, पाणी पिवळं होतं आणि घरच्यांना वाटतं की रोग बाहेर पडला. हातांना आधीच झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो आणि चुन्याशी त्याची क्रिया होऊन तो पिवळा रंग येतो. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए हा यकृताचा विषाणूसंसर्ग बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. पण गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला असेल तर असे वाया घालवलेले दिवस तिच्या जिवावर बेतू शकतात. तिला थेट दवाखान्यात न्या. आणि ‘लिव्हर साफ करणारे’ महागडे काढे विकणाऱ्यांना विचारा, साफ करायचं म्हणजे नेमका कोणता रेणू?

आता उलट प्रश्न. चाचणीत शून्य येत असेल तर तासांची अट कशाला? उत्तर कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो आणि त्यात कुप्युला नावाचा जेलीसारखा पडदा असतो. दोघांची घनता जवळजवळ सारखी, म्हणून गुरुत्वाकर्षणाने पडदा ढळत नाही, फक्त डोकं वळल्यावर वाकतो. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते रक्तातून आधी पडद्यात शिरतं, पडदा हलका होऊन तरंगू लागतो आणि आडवं पडलेल्याला खोली फिरताना दिसते. पुढे द्रवातही इथेनॉल पोहोचलं की काही वेळ बरं वाटतं. उतरताना मात्र ते पडद्यातून आधी निघून जातं, द्रव हलका राहतो, पडदा तुलनेने जड होतो आणि भोवळ उलट्या दिशेने सुरू होते. जड पाणी, म्हणजे नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त घनतेचं पाणी, पाजून केलेल्या प्रयोगांत 1970 च्या दशकात असाच परिणाम उलट दिशेने दिसला. खरा भाग घनतेचा आहे, हे त्यातून कळलं.

ही दुसरी भोवळ रक्तातली दारू शून्यावर आल्यानंतरही काही तास टिकू शकते. यंत्रात फुंकलं तर काहीच दिसणार नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसत नसतं, डोकं वळवलं की कान त्याला विमान एका बाजूला कललंय असं सांगतो आणि नसलेला कल सुधारायला गेलेला हात विमान खरंच कलतं करतो. अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या नियमात 8 तास लिहिलेले असूनही, वैमानिकांसाठी काढलेल्या त्यांच्याच पत्रकात शेवटच्या घोटानंतर 24 तास थांबण्याचा सल्ला आहे.