'शून्य अट' मधलं शून्य नेमकं कुठलं? नॉनलिनियर लाटांची पार्श्वभूमी

आमच्याकडे जळगावात एमेस्सीच्या पोरांसमोर 'नल कंडिशन' (लाटेच्या समीकरणातली नॉनलिनियर टर्म, म्हणजे लाटेचा स्वतःवरच परिणाम करणारा भाग, कसा असला तर लाट कायम टिकते हे सांगणारी अट) हा शब्द आला की कुणीतरी वहीत 'शून्य अट' लिहितंच, आणि मग सगळ्यांना वाटतं की काहीतरी शून्य करायचंय, नॉनलिनियर टर्म काढूनच टाकायची वगैरे. तसं अजिबात नाहीये. या एका शब्दाने इतका घोळ होतो की त्याची मागची गोष्ट सांगायलाच हवी.

जुनं थोडक्यात सांगतो. १८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या कालव्यात बोट थांबली, तिच्यापुढची लाट मात्र तशीच निघाली आणि एका इंजिनियरने घोड्यावरून तिचा पाठलाग केला. १८९५ ला तिचं समीकरण आलं, १९६५ ला अशा आकार न बदलता जाणाऱ्या लाटेला सॉलिटॉन हे नाव. छानच गोष्ट आहे, पण ती कालव्याची आहे. गिरणेच्या भरल्या पाटात म्हैस उतरली की लाट दोन काठांत अडकते आणि लांबपर्यंत जाते, तेच हतनूरच्या बॅकवॉटरमध्ये दगड टाकला तर वर्तुळ मोठं होत होत विरून जातं, कारण तिथे पसरायला जागा आहे. तीन मितींत तर अजून जास्त जागा, तिथे लाटेची उंची १ भागिले वेळ या हिशोबाने कमी होते. पुढचं सगळं राजकारण या १ भागिले वेळ मध्येच आहे.

कारण असं की ही घट अगदी सीमारेषेवरची आहे. १ भागिले वेळचा वर्ग असता तर सगळी बेरीज मर्यादित राहिली असती, पण १ भागिले वेळची बेरीज लॉगरिदमसारखी वाढत राहते, हळू वाढते पण थांबत नाही. म्हणजे लाट दूर जाऊन कमजोर झाली तरी तिचा स्वतःवरचा परिणाम साठत जातो. १९८१ मध्ये हे पक्कं दिसलं: लाटेच्या समीकरणाच्या उजव्या बाजूला नॉनलिनियर टर्म म्हणून नुसता वेळेच्या डेरिव्हेटिव्हचा (बदलाच्या वेगाचा) वर्ग ठेवला तर सुरुवातीचा धक्का कितीही बारीक असला तरी सोल्युशन कधीतरी फुटतंच, म्हणजे मर्यादित वेळात हाताबाहेर जाऊन संपतं. पण 'कधीतरी' किती लांब? १९८४ ला उत्तर आलं की धक्क्याचा आकार एप्सिलॉन असेल तर निदान ई चा (स्थिरांक भागिले एप्सिलॉन) इतका घात होईपर्यंत सोल्युशन टिकतं. स्थिरांक १ आणि एप्सिलॉन ०.०१ धरा, ई चा १०० वा घात म्हणजे ४४ आकडी संख्या! याला 'ऑलमोस्ट ग्लोबल' म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडतं, कारण माणसाच्या हिशोबात ते कायमचंच आहे आणि गणिताच्या हिशोबात नाही.

आता शून्याकडे येतो. त्याच वर्गातून जागेच्या डेरिव्हेटिव्हचा वर्ग वजा केला की सोल्युशन फुटत नाही, बारीक धक्क्यासाठी कायम टिकतं. का, तर आठवीतलं सूत्र: अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे (अ वजा ब) गुणिले (अ अधिक ब). लाट बाहेर जाताना एका दिशेचं डेरिव्हेटिव्ह १ भागिले वेळ इतकंच कमी होतं, ते वाईट, पण लाटेच्या सोबत जाणाऱ्या दिशेचं त्याहून एक घात जास्त कमी होतं, ते चांगलं. नुसत्या वर्गात वाईट गुणिले वाईट येतं, वजाबाकी केली की वाईटाला नेहमी एक चांगला जोडीदार मिळतो (कोनांच्या दिशेच्या टर्म उरतात, पण त्याही चांगल्यातच मोडतात). प्रकाशशंकूवरच्या (म्हणजे प्रकाश स्पेसटाइममध्ये ज्या दिशांनी जातो त्या दिशांच्या) व्हेक्टरची स्पेसटाइमच्या भूमितीतली लांबी शून्य असते म्हणून त्यांना नल म्हणतात, आणि अट एवढीच की क्वाड्रॅटिक (वर्ग किंवा दोन डेरिव्हेटिव्हचा गुणाकार असलेली) टर्म त्या व्हेक्टरांवर शून्य यायला हवी, बाकी कुठे नाही आली तरी चालेल. म्हणून मी पोरांना 'प्रकाशदिशा अट' लिहायला सांगतो. १९८६ मध्ये याच्या दोन स्वतंत्र सिद्धता आल्या, एक समीकरणाच्या सिमेट्री वापरून आणि दुसरी अख्खं अनंत गुंडाळून मर्यादित जागेत आणून, आणि माझ्या मते या विषयाचा खरा जन्म तिथेच झाला, सॉलिटॉनवाले काहीही म्हणोत.

खरा वाद गुरुत्वाकर्षणात झाला. आइन्स्टाइनची समीकरणं हार्मोनिक कोऑर्डिनेट्समध्ये (ज्यांतला प्रत्येक कोऑर्डिनेट स्वतःच लाटेचं समीकरण पाळतो) लिहिली की ती लाटेसारखी दिसतात, पण नल कंडिशन पाळत नाहीत. म्हणून १९७० च्या दशकापासून समज होता की दीर्घकाळासाठी हे कोऑर्डिनेट्स कामाचे नाहीत, आणि १९९३ ला सपाट (गुरुत्वाकर्षण नसलेला) स्पेसटाइम स्थिर आहे, म्हणजे बारीक धक्क्याने मोडत नाही, याची ५०० वर पानांची सिद्धता आली ती हे कोऑर्डिनेट्स टाळूनच. तो निर्णय तेव्हा बरोबरच वाटला असणार, पण त्यामुळे साधा रस्ता कित्येक वर्षं बंद समजला गेला. २००३ च्या सुमारास 'वीक नल कंडिशन' आली: खूप लांब गेल्यावर समीकरणाचं जे सोपं रूप उरतं ते कायम टिकतं का आणि फार वेगाने वाढत नाही ना, एवढंच बघायचं. आइन्स्टाइनची समीकरणं त्यात बसतात, आणि २०१० मध्ये त्याच नाकारलेल्या कोऑर्डिनेट्समध्ये पूर्ण सिद्धता छापून आली. काही घटकांत एक लॉगरिदम जास्तीचा राहतो, वस्तुमानामुळे प्रकाशशंकूही लॉगरिदमने सरकतात, पण सोल्युशन फुटत नाही.

वीक अट सगळ्याच समीकरणांना पुरेशी आहे का, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय. तिला मराठीत काय म्हणायचं तेही ठरलेलं नाही, 'दुबळी शून्य अट' मात्र कृपया नको.