बंद दाराआडचा पाऊण तास

शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जनचा हात चुकला, तर चार-पाच जणांना ते तिथल्या तिथे दिसतं. मानसोपचाराच्या खोलीत दोनच माणसं असतात, आणि त्यातलं एक मदत मागायला आलेलं असतं. पाऊण तासाने दार उघडतं तेव्हा आत काय घडलं याची एकच हकीकत संस्थेपर्यंत पोहोचते, सायकॉलॉजिस्टने सांगितलेली. ती बहुतेकदा प्रामाणिक असते, पण पुरी नसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानसोपचार क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना आपल्या कौशल्याची तुलना बरोबरीच्यांशी करायला सांगितलं होतं. सरासरीने त्यांनी स्वतःला शंभरांतल्या ऐंशी जणांच्या पुढे बसवलं. सरासरीच्या खाली एकानेही स्वतःला ठेवलं नाही.

यासाठीच सुपरव्हिजन लागते. ‘देखरेख’ म्हटलं की मराठी मनाला हजेरीपट आणि मुकादम आठवतो, म्हणून इंग्रजी शब्दच रुळला आहे. अनुभवी सायकॉलॉजिस्टने दुसऱ्याच्या केसेस ठरलेल्या वेळी त्याच्याबरोबर बसून तपासायच्या, एवढाच त्याचा अर्थ. १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचं, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीच्या उपचारांचं, पॉलिक्लिनिक (बाह्यरुग्ण दवाखाना) निघालं, तिथे शिकाऊ उमेदवारांसाठी ही पद्धत प्रशिक्षणाचा नेमाचा भाग झाली. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. नोकरी लागल्यानंतर महिन्याला किती तास, हे मात्र तो कायदा सांगत नाही. ब्रिटनमध्ये समुपदेशकांची बीएसीपी ही संघटना मान्यताप्राप्त सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास मागते. वॉर्डात काम करणाऱ्याला आठवड्याला एक तास मिळायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा तास सगळ्यात जास्त वाया जातो तो केस ‘सांगण्यात’. १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात १०८ शिकाऊ थेरपिस्टपैकी (मानसोपचार करणाऱ्यांपैकी) सुमारे ९७ टक्क्यांनी सुपरवायझरपासून काहीतरी लपवल्याचं मान्य केलं. सर्वाधिक लपवली गेली ती सुपरवायझरबद्दलचीच नाराजी. म्हणून सेशनचं ध्वनिमुद्रण ऐकावं. त्यासाठी रुग्णाची वेगळी लेखी संमती हवी. कोण ऐकणार, केव्हा पुसणार आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात. फाइल संस्थेच्या संगणकात कुलूपबंद राहावी. स्वतःच्या मोबाइलवर किंवा व्हॉट्सॲपवर ती कधीच जाऊ नये, कारण गोपनीयता हा २०१७ च्याच कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे.

तासाची पहिली पाच मिनिटं धोक्याची: कोणाच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत, कोणाला अचानक घरी सोडलं जातंय. मग एकच प्रश्न, “आज या केसमध्ये तुला काय अडतंय?” त्यानंतर टेप, दहा मिनिटांचीच, पण सेशनच्या मधली; सुरुवात आणि शेवट प्रत्येकाचे नीटनेटके असतात. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) चालू असेल तर सीटीएस-आर ही गुणपट्टी उपयोगी पडते. तिच्यात १२ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६, एकूण ७२. साधारण ३६ ला पुरेसं कौशल्य मानतात. दर आठवड्याला बारा मुद्दे काढत बसू नये. दोन निवडावेत आणि त्यांवरच काम करावं.

संस्थेत खरी अडचण वेगळीच असते. जो सुपरव्हिजन देतो तोच वर्षअखेरचा गोपनीय अहवाल लिहितो. मग थेरपिस्ट यशस्वी केसेसच घेऊन येतो. या दोन खुर्च्या वेगळ्या ठेवाव्यात. माणसं कमी असल्याने ते जमत नसेल, तर पहिल्याच दिवशी लिहून ठरवावं: रुग्णाच्या जिवाचा धोका, मर्यादा ओलांडणारं वर्तन आणि कायद्याने सांगणं भाग असलेली माहिती वर जाईल; तंत्रातली चूक, शंका, थकवा या खोलीतच राहतील. दुसरी अडचण ओपीडीची. गर्दी वाढली की सर्वांत आधी हाच तास बुडतो, म्हणून तो ओपीडी उघडण्याआधी ठेवावा.

सुपरवायझरने स्वतःकडेही पाहायचं असतं. हॅरोल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये दाखवून दिलं की थेरपिस्ट-रुग्ण नात्यातला ताण सुपरव्हिजनच्या खोलीतही उमटतो. हताश रुग्णाबद्दल बोलताना थेरपिस्टचा आवाज तसाच खाली जातो, आणि ऐकणारा नकळत घाईघाईने सल्ले देऊ लागतो. अशा वेळी सल्ला थांबवून तेच बोलून दाखवावं.

वडोदऱ्यात गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांतले रुग्ण येतात, त्यामुळे तिथे टेप ऐकण्याला आणखी एक कारण आहे. गुजराती रुग्ण म्हणतो, “गभरामण थाय छे.” दांडिया बाजारातल्या मराठी आजी म्हणतात, “जिवाला स्वस्थता नाही.” केसपेपरवर दोन्हीकडे ‘अँग्झायटी’ पडतं. पण गभरामण म्हणजे भीती असेल, श्वास कोंडणं असेल किंवा छातीचं दुखणंही असेल. ती नेमकी कुठे आणि केव्हा होते हे विचारलं का, ईसीजी झाला का, हे कागदावरून कळत नाही. संवाद ऐकल्यावर कळतं.

तसंच नात्याच्या शब्दांचं. मराठी थेरपिस्ट वयस्क बाईंना ‘काकू’ म्हणते आणि तिथेच लहान होते. मग मरणाचा प्रश्न असा येतो: “तसलं काही मनात येत नाही ना, काकू?” गुजरातीतही तीच पळवाट आहे, “एवा विचार तो नथी आवता ने?” अशा प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर सोपं असतं, आणि फाइलवर ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ अशी नोंद होते. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. म्हणून इथे चर्चा थांबवून सराव घ्यावा. सुपरवायझरने काकू व्हावं, थेरपिस्टने काकू म्हणतच सरळ विचारावं: “काकू, जीव द्यावा असे विचार मनात येतात का?” उत्तर ‘हो’ आलं, तर कसा, केव्हा, घरात औषधं किंवा कीटकनाशक आहे का, इथपर्यंत जावं. पहिल्यांदा आवाज घशात अडकतो. चौथ्यांदा अडकत नाही. पुढच्या आठवड्याच्या टेपवर तो प्रश्न शोधायचा, आणि प्रश्नानंतर थेरपिस्ट उत्तरासाठी किती सेकंद थांबली तेही मोजायचं.