रोमचा ट्रे-पिझ्झा तितका जुना नाही

रोममधलं सगळंच दोन हजार वर्षांचं असणार, असं आपण धरून चालतो. लोखंडी ट्रेमध्ये भाजलेला तिथला चौकोनी पिझ्झा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. त्याआधी रोमच्या बेकऱ्यांत ‘पिझ्झा बियांका’ मिळायचा आणि आजही मिळतो. तो ट्रेशिवाय थेट ओव्हनच्या फरशीवर भाजतात. वर फक्त ऑलिव्ह तेल आणि जाडं मीठ.

1950-60 च्या सुमारास विजेचे ओव्हन आले आणि गल्लोगल्ली छोटी दुकानं निघाली. बसायला जागा नाही, वेटर नाही. काउंटरमागचा माणूस पिझ्झ्यावर सुरी टेकवून ‘एवढा?’ म्हणून बघतो, आपण हातानेच कमी-जास्त सांगायचं. मग कापून तुकडा तराजूवर. पैसे वजनावर, आणि मागायचंही ‘एत्तो’त, म्हणजे 100 ग्रॅमच्या मापात. बटाट्याचे पातळ काप आणि रोजमेरी घातलेला पिझ्झा इथलाच. बटाटा आणि मैदा एकत्र कशाला, ही शंका पहिल्या घासाला मिटते.

पण आज लोक घरी करू बघतात तो हलका, जाळीदार पिझ्झा याहूनही अलीकडचा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अँजेलो येत्सी आणि त्यांच्या पिढीतल्या कारागिरांनी कणिक बरीच सैल केली: किलोभर मैद्याला 800 मिलिलीटरच्या आसपास पाणी, यीस्ट नावापुरतं, आणि पीठ फ्रिजमध्ये चोवीस तास किंवा त्याहून जास्त. थंडीत यीस्ट मंदावतं, ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रथिन, सावकाश जुळत जातं, चव मुरते. एवढी सैल कणिक लाटता येत नाही. तेल लावलेल्या ट्रेमध्ये बोटांच्या टोकांनी हलकेच दाबत पसरावी लागते. 2003 साली गॅब्रिएले बोंची यांनी व्हॅटिकनजवळ ‘पिझ्झारियम’ उघडलं आणि या पिझ्झ्याला जगभर चाहते मिळाले.

तो घरात शिरला त्याला आणखी एक कारण आहे. इटलीत ब्रेड शिकून आलेले न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता करायच्या ब्रेडची कृती 2006 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली. चिकट, ओली कणिक बघून घाबरायचं नसतं, हे हौशी लोकांना तिथून कळलं.

शिवाय आचेचा प्रश्न. नेपल्सच्या पिझ्झ्याला साडेचारशे अंशांच्या आसपासची भट्टी लागते, तो दीड मिनिटात होतो. ट्रेमधल्याला अडीचशे अंश आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात, म्हणजे घरचा ओटीजीही चालतो. ट्रे अगदी खालच्या कप्प्यात ठेवायचा. आधी नुसता टोमॅटो, चीज शेवटच्या पाच-सात मिनिटांत. आपला नेहमीचा मैदा मात्र रोमइतकं पाणी पेलत नाही. अर्धा किलोला 325-350 मिलिलीटरपासून सुरुवात केलेली बरी.